आमच्या ताटातला मासा कुठून येतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छत्रपती संभाजीनगरात इटालियन हॉटेल, आणि त्यात मासे! हे ऐकलं की नवीन गिऱ्हाईक दोन गोष्टी हमखास विचारतं. मासा शिळा तर नाही ना? आणि पापलेट आहे का? पहिल्याचं उत्तर लांबलचक आहे. दुसऱ्याचं बहुतेक दिवस 'नाही' असंच असतं. हे टेबलाशी उभं राहून सांगता सांगता मागे पास्ता जास्त शिजतो, म्हणून एकदा सगळं इथे लिहून ठेवलं.

समुद्र इथून साडेतीनशे किलोमीटर. मासा ताजा कसा असेल?

आधी 'ताजा' म्हणजे काय ते बघू. मुंबईहून निघालेली मोठी ट्रॉलर बोट आठ-आठ, दहा-दहा दिवस समुद्रात असते. पहिल्या दिवशी जाळ्यात आलेला मासा धक्क्याला लागेपर्यंत आठवडाभर बर्फात झोपलेला असतो. म्हणजे ससून डॉकच्या दारात राहणाऱ्यालाही 'आजचा' म्हणून मिळतो तो मासा आजचा असेलच असं नाही. किती किलोमीटर लांबून आला यापेक्षा पकडल्यापासून तो किती गार राहिला, यावर सगळं ठरतं.

आमचा माल मुंबईहून रात्री निघतो आणि समृद्धी महामार्गाने पहाटे येतो. मागच्या दाराशी थर्माकोलची पेटी उघडायची, सुईचा थर्मामीटर माशाच्या पाठीच्या जाड भागात खुपसायचा. ४ अंशांच्या वर आकडा गेला की पेटी परत. मग कल्ले उचलून बघायचे. लालभडक हवेत, विटकरी नकोत. पोटावर बोट दाबलं की खळगा भरून यायला हवा. वास समुद्राचा यावा, माशाचा नाही. हे वाक्य विचित्र वाटेल, पण एकदा नाक जवळ नेलंत की कळेल.

फळ्यावर कधी 'बर्फातला' लिहिलेलं असतं, कधी 'गोठवलेला'. फरक काय?

बर्फातला म्हणजे कधीच न गोठवलेला. गोठवलेला म्हणजे उणे १८ अंशांवर किंवा त्याखाली ठेवलेला. पकडल्यावर लगेच नीट गोठवलेला माकूल (स्क्विड) आम्हाला चार दिवस बर्फाच्या पाण्यात पोहलेल्या माकुलापेक्षा केव्हाही चालतो. गोठवलेला मासा आदल्या रात्री फ्रिजमध्ये उतरवतो, नळाखाली कधीच नाही. गोठवलेला वापरण्यात लाज वाटावी असं काही नाही, तो 'ताजा' म्हणून विकण्यात मात्र आहे.

जून-जुलैमध्ये समुद्रातला मासा मेनूवरून गायब का होतो?

कारण तेव्हा बोटी बंद असतात. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद. हातवल्ह्याच्या होड्यांना त्यातून सूट आहे, पण त्यांचा थोडासा माल किनाऱ्यावरच संपतो आणि संपावा. हे महिने खवळलेल्या समुद्राचे, तसेच अनेक माशांच्या विणीचे. या दिवसांत पकडलेल्या माशाचं पोट फाडलं तर गाबोळी, म्हणजे अंड्यांची पिशवी निघते. ती तव्यावर झकास लागते हे मान्य, पण एका गाबोळीत पुढच्या हंगामाचा केवढा माल असतो ते बघा.

आपल्याकडे हे सांगायला फार कष्ट पडत नाहीत. गटारी झाली की श्रावणात घराघरांत मांसाहार बंद होतो, आणि नारळी पौर्णिमेला कोळी समुद्राला नारळ वाहून होड्या लोटतात. आम्ही एवढंच करतो की गटारीची वाट न बघता जूनपासूनच थांबतो. त्या दोन महिन्यांत मशरूम, वांगं, भोपळा, अंडं, चिकन आणि फार तर गोड्या पाण्यातला मासा.

पण दुसऱ्या हॉटेलांत भर जुलैमध्ये पापलेट मिळतं!

मिळतं. बेकायदा असेलच असं नाही. तीन वाटा आहेत. मे महिन्यात गोठवून ठेवलेला साठा. दुसरी, पूर्व किनारा. तिथली बंदी १५ एप्रिल ते १४ जून असते, म्हणजे आपल्याकडे बंदी चालू असताना तिकडच्या बोटी बाहेर पडलेल्या असतात. आणि तिसरी, चोरून केलेली मासेमारी. ताटात आलेल्या तुकड्यावरून तो कुठल्या वाटेने आला हे तुम्हाला कळत नाही, आम्हालाही कळत नाही. म्हणून घेत नाही.

बरं, पण ऑगस्टनंतर तरी पापलेट का ठेवत नाही?

ठेवतो. वर्षातून मोजून काही वेळा, आणि फूटपट्टी लावून. पापलेट, म्हणजे सरंगा, २०२३ मध्ये महाराष्ट्राचा राज्यमासा झाला. मान मिळाला, पण तो का द्यावा लागला तेही बघा. मागणी प्रचंड, भाव चढे, आणि बारीक आसाच्या (भोकांच्या) जाळ्यांत पिल्लंच्या पिल्लं उचलली जातात. त्याच वर्षी राज्याने ५४ जातींच्या माशांसाठी किमान लांबी ठरवून दिली. पापलेटसाठी ती १३५ मिलिमीटर आहे. शाळेच्या कंपासातली पट्टी १५ सेंटिमीटरची असते, म्हणजे हा मासा तिच्यापेक्षाही आखूड! कायद्याची ही किमान मर्यादा झाली. आम्ही पूर्ण ताटलीभर माप नसेल तर हात लावत नाही.

एकदा एका पुरवठादाराने 'प्लेट साइझ' म्हणून पेटी पाठवली. वरचा थर देखणा. खाली बर्फ उकरला तर तळहाताएवढे पापलेट, डोळे अजून मोठे दिसावेत इतके लहान. फोन केला तर उत्तर आलं, ''साहेब, एका ताटात दोन बसतील की!'' त्या दिवसापासून पेटी पूर्ण रिकामी करून बघितल्याशिवाय सही करत नाही.

मग इटालियन जेवणात कोणता मासा घालता?

इथे आम्ही खरे खुशीत असतो. कारण इटलीच्या किनाऱ्यावरचं गरीब घरांतलं जेवण पापलेटसारख्या उंची माशावर उभं नाही. ते तारली, मांदेली, माकूल, शिंपल्या यांच्यावर उभं आहे.

सिसिलीत तारलीच्या भावंडाचा पास्ता करतात. त्यात रानबडीशेपेचा पाला, मनुके, पाइनच्या बिया, आणि वरून भाजलेला पावाचा चुरा. गरिबाला चीज परवडत नसे, म्हणून चुरा. आम्ही तारली घेतो, ती कोकणातून येते. बडीशेपेचा हिरवा पाला हिवाळ्यात मिळतो, तेव्हाच ही डिश. पाइनच्या बियांऐवजी चारोळी. पहिल्यांदा घाबरत घातली होती, आता ती काढली तर आमचे लोक भांडतील. चुरा कालच्या पावाचा, लसणाच्या तेलात परतलेला. तारली झटपट वाढते, लवकर अंडी घालते, म्हणून तिच्यावरचा भार मोठ्या माशांपेक्षा लवकर भरून निघतो. पण तीही बेभरवशाची. काही वर्षं तारलीचं पीक एकदम बसतं. असं झालं की आम्ही बांगड्यावर जातो.

मांदेली ही इटालियन अँकोव्हीची नातलगच. मिठात मुरवायचा प्रयत्न केला, फसला. मैद्यात घोळवून तळलेली मात्र पहिल्या तासात संपते. माकूल म्हणजे कॅलमारी, तेवढंच नाव बदलतं आणि भाव दुप्पट होतो!

आणि तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या. स्पॅगेटी आल्ले व्होंगोले म्हणजे तिसऱ्यांची स्पॅगेटी, दुसरं काही नाही. त्या ओल्या गोणपाटात गुंडाळून येतात. बर्फाचं गोडं पाणी लागलं की मरतात, म्हणून बर्फ कधी थेट वर नाही. आल्या आल्या मिठाच्या पाण्यात तासभर सोडायच्या, वाळू थुंकू द्यायची. उघड्या तोंडाच्या शिंपलीला टिचकी मारायची. मिटली तर जिवंत, नाही मिटली तर बाहेर. कढईत उलट, तापल्यावर जी उघडत नाही ती बाहेर. उन्हाळ्याच्या प्रवासात निम्म्या टिचकीला दाद देत नाहीत, म्हणून एप्रिल-मेमध्ये ही डिशच बंद.

जवळच जायकवाडी आहे. तिथला मासा वापरत नाही का?

वापरतो, आणि वाढवत चाललोय. पैठणचं धरण १९७६ मध्ये पूर्ण झालं. नाथसागर इथून पन्नासेक किलोमीटरवर. रोहू, कटला, मृगल या तिन्ही जाती साठलेल्या पाण्यात सहसा वीण करत नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. म्हणून धरणांत दरवर्षी मत्स्यबोटुकली (बोटभर लांबीची पिल्लं) सोडावी लागते, आणि मच्छीमार संस्था ठेक्यावर ती वाढवून पकडतात. पेरलेलं पीकच ते. फक्त शेत पाण्याखाली.

अडचण काट्यांची. रोहूच्या मांसात वायच्या आकाराचे बारीक काटे असतात. आपली माणसं रश्श्यातला रोहू जिभेने काटे वेगळे करत खातात, पण काट्याचमच्याने पास्ता खाताना ते जमत नाही. म्हणून कटला वाफवून, चाळणीतून दोनदा दाबून, लसूण-पाव-अजमोदा घालून गोळे करतो. टोमॅटोच्या रश्श्यात ते 'पोल्पेत्ते' म्हणून जातात. एका गिऱ्हाइकाच्या आजी म्हणाल्या, ''कोफ्ते आहेत की वो हे.'' आहेतच.

मरळ मिळाली तर सोनं. काटा कमी, मांस घट्ट, बाजारात पिंपात जिवंत येते कारण तिला हवेतून श्वास घेता येतो. पण पावसाळ्यात नाही घेत. तेव्हा नर-मादी पिल्लांच्या तांबूस घोळक्याभोवती राखण करत असतात. मोठी मरळ उचलली की सगळा घोळका उघड्यावर पडतो.

एक गोष्ट मात्र उघड सांगतो. जवळचा म्हणजे निसर्गाला धरून, असं गणित मराठवाड्यात चालत नाही. २०१६ च्या दुष्काळात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. धरण आटत गेलं की मासा उरलेल्या डबक्यात कोंडला जातो आणि मातीमोल भावाने निघतो. स्वस्त मिळतोय म्हणून उचलावासा वाटतो. पण त्या वेळी बारीक आसाची जाळी फिरते आणि पुढच्या वर्षीचं बी निघून जातं. पाणी तळाला गेल्याची बातमी आली की आम्ही त्या धरणाचा मासा थांबवतो. भोई समाजातला आमचा नेहमीचा माणूसच पहिला फोन करतो, ''आता नका घेऊ, हातभर पाण्यात बोटाएवढा माल निघतोय.''

चिलापी मेनूवर बघून नवल वाटलं. ती तर हलकी समजतात.

हलकी समजतात म्हणूनच घ्या. तिलापिया आपली नाहीच, १९५२ मध्ये भारतात आणलेली. तळ्यात शिरली की भसाभस वाढते आणि मूळच्या माशांची जागा खाते. एवढ्या निर्धास्तपणे खाता येईल असा दुसरा मासा नाही. चिखलाचा वास येतो ही तक्रार खरी. लिंबू आणि मिठाच्या पाण्यात अर्धा तास, मग काळं ऑलिव्ह आणि केपर्स.

कोळंबी कुठली?

बहुतेक आंध्रातल्या तळ्यांतली व्हनामी. ही मूळची लॅटिन अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्याची, भारतात २००९ पासून वाढवली जाते. ट्रॉलरने समुद्रातून ओढलेल्या कोळंबीबरोबर नको असलेली ढीगभर पिल्लं मरतात, त्यामानाने तळ्यातली बरी. पण तळ्याचेही प्रश्न आहेतच. किनाऱ्यावरची तिवरं तोडलेली असू शकतात, रोग आला की प्रतिजैविकं मारली जातात. त्यामुळे नोंदणी असलेल्या शेतातला, प्रतिजैविक तपासणीचा कागद असलेलाच माल घेतो. कागद नसेल तर त्या आठवड्यात कोळंबीचं रिसोत्तो (इटालियन मऊ भात) नाही.

पाकिटाचीही गंमत ऐका. गोठवलेल्या कोळंबीवर पाण्याचा पातळ थर देतात, ती सुकू नये म्हणून. थर हवा. पण आम्ही एक किलोचं पाकीट धुऊन तोललं तेव्हा काट्यावर ७६० ग्रॅम आले. पाव किलो बर्फ कोळंबीच्या भावाने! आता पाकिटावरचं निव्वळ वजन बघून भाव ठरतो.

सॅमन का नाही? रावस म्हणजे भारतीय सॅमनच ना?

रावसाला बाजारात 'इंडियन सॅमन' म्हणतात, पण त्याचा सॅमनशी काडीचा संबंध नाही. खरा सॅमन म्हणजे बहुतेक करून नॉर्वेच्या पिंजऱ्यांतला, विमानाने आलेला. साडेतीनशे किलोमीटरवर अरबी समुद्र असताना तो आणायचा म्हणजे जरा जास्तच झालं. रावस चांगला मिळाला तर रावस म्हणूनच देतो. इटालियन ब्रान्झिनोच्या जागी कधी रायगडच्या तळ्यातला जिताडा.

बासा आहे का?

नाही. बासा खाण्यात पाप नाही, तोही शेतीचाच मासा. पण पांढरा, बिनवासाचा, बिनकाट्याचा तुकडा म्हणून तो कुठल्याही महाग माशाच्या नावाखाली खपतो. आमच्या दारात तो आलाच नाही, तर तशी शंका तुम्हालाही यायला नको.

मुशी? मांगूर?

दोन्ही नाही. मुशी म्हणजे शार्क. ती उशिरा वयात येते, पिल्लं थोडी देते, एकदा कमी झाली की भरून यायला फार वर्षं लागतात. आफ्रिकी मांगूर तर भारतात २००० पासून बंदीच आहे, तरी चोरून पाळतात. आपला देशी मांगूर वेगळा, पण सोललेल्या तुकड्यात तो ओळखायचा कुणी?

कुठलं प्रमाणपत्र आहे का तुमच्याकडे?

नाही. हॉटेलला प्रमाणपत्र नाही आणि बहुतेक माशांनाही नाही. सागरी मासेमारीसाठी एमएससी (मरीन स्ट्युअर्डशिप कौन्सिल) या संस्थेचा निळा शिक्का जगभर चालतो. भारतात तो पहिल्यांदा २०१४ मध्ये केरळातल्या अष्टमुडी सरोवराच्या तिसऱ्यांना मिळाला. तिथे डिसेंबर ते फेब्रुवारी शिंपल्या काढणं बंद असतं, जाळीचा आस ठरलेला आहे. लहान होड्यांवर पोट असलेल्या कोळ्याला असल्या शिक्क्याचा खर्च पेलत नाही, म्हणून शिक्का नाही म्हणजे मासा वाईट, असं आम्ही धरत नाही. आम्ही चार प्रश्न विचारतो. कोणता मासा, कुठला, कशाने पकडला, केवढा? रात्रीचे प्रखर एलईडी दिवे लावून मासे गोळा करायला केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली. 'दिव्यावरचा माल आहे का' असं विचारलं की पलीकडचा माणूस क्षणभर गप्प होतो. त्या गप्प होण्यावरूनच पुष्कळ कळतं.

मासा टिकवायला फॉर्मॅलिन नावाचं रसायन मारतात, त्याची भीती वाटते.

वाटायलाच हवी. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने कागदी पट्टीचा तपासणी संच काढला आहे, माशावर घासून द्रव टाकला की रंगावरून कळतं. नव्या माणसाकडून आलेल्या पहिल्या पेटीला आम्ही तो लावतो. मासा आठ दिवस झाले तरी मऊ पडत नसेल, माश्या बसत नसतील, तर कौतुक करू नका, संशय घ्या.

आम्ही शाकाहारी आहोत. कढया वेगळ्या आहेत का?

आहेत. लाल मुठीच्या कढया माशाच्या, तळणीचं तेलही वेगळं. पण एक ध्यानात ठेवा, मासा दिसत नाही तिथेही असतो. सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये आणि आमच्या पुट्टानेस्का सॉसमध्ये अँकोव्ही विरघळलेली असते. सोमवार, गुरुवार, एकादशी असेल तर आधी सांगा, त्याशिवायचं करून देतो.

माशाच्या पास्त्यावर चीज का देत नाही?

इटलीत देत नाहीत म्हणून. मागितलंत तर देऊ. आचारी तोंड वाकडं करील, तेवढं चालवून घ्या.

इथे इतकी वर्षं सुकट-बोंबील खातो आम्ही. हे सगळं शहरी नखरे नाहीत का?

अहो, सुकट-भाकरी हा मराठवाड्याने समुद्राशी जोडलेला सगळ्यात जुना धागा! समुद्र न पाहिलेल्या माणसाच्या घरात सुकट असते. बर्फ नको, फ्रिज नको, कोळणीने उन्हात वाळवलेला माल आठवडी बाजारात येतो. बंदीच्या काळात आधीच वाळवून ठेवलेले सोडे (सुकी कोळंबी) आम्हीही वापरतो. सोड्यांचं पाणी रिसोत्तोत घातलं की स्टॉकची गरज उरत नाही. हे आम्ही कुणा इटालियन माणसाकडून शिकलो नाही, आईकडून शिकलो.

फळ्यावर लिहिलेली डिश सांगितली तर 'संपली' म्हणता.

रोज ठराविकच घेतो. सुरमई आली तरी डोकं आणि सांगाडा स्टॉकला, पोटाची पट्टी कर्मचाऱ्यांच्या जेवणात. टाकायला काही उरू नये एवढंच आणायचं ठरलंय, त्यामुळे साडेनऊनंतर येणाऱ्यांची अडचण होते. फोन करून ठेवा, बाजूला काढतो.

आम्ही मासा आणला तर करून द्याल का?

एरवी नाही म्हणतो. एकदाच मोडलंय. माजलगावहून एक काका ओल्या पोत्यात वांब घेऊन आले, मुलीचा निकाल लागला होता, तिला 'टीव्हीवर दाखवतात तसं' खायचं होतं. वांब सोलली, रोझमेरी आणि लसणावर भाजली, लिंबू पिळलं. मुलीने दोन घास खाल्ले आणि काकांना विचारलं, घरी आई करते तसा रस्सा नाही का मिळणार इथे? काका ओशाळले. उरलेल्या वांबीचा रस्सा आम्ही मागच्या शेगडीवर केला, भाकरी शेजारच्या खानावळीतून आणली.

त्या दिवशी फूटपट्टी लावायची राहून गेली.